जाळीच्या लिफ्टचे मामा

इस्पितळात त्यांना सगळे लिफ्टमामा म्हणत. मेट्रनबाई म्हणत, झाडूवाल्या मावशी म्हणत, आणि जे डॉक्टर वयानं त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे होते तेही म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात आणि देवळाच्या नोंदवहीत होतं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून बाजारात कुणी मागून "मामा" अशी हाक मारली की आधी त्यांचा उजवा हात लिफ्टची मूठ धरायला पुढे होतो आणि मग मान वळते. मामी म्हणते, "अहो, हात खाली घ्या. लोकांना वाटेल बस थांबवताय."

खरं तर मामांना लिफ्ट चालवायची नव्हती. त्यांना पाळक, म्हणजे ख्रिस्ती देवळातला धर्मगुरू, व्हायचं होतं.

लहानपणी ते धाकट्या बहिणीला आणि तिच्या तीन बाहुल्यांना ओळीनं बसवून उपदेश करत. बाहुल्यांसमोर त्यांची जीभ कधी अडखळली नाही. माणसांसमोर मात्र अडायची. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण मामांच्या जिभेत कुठेतरी एखादं अडकलेलं असावं. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर गाडी रुतायची, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे आणि समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागायचा. गाताना असं होत नसे. रविवारी गायनमंडळात त्यांचा आवाज सरळ, स्वच्छ निघे. गीत संपलं आणि शेजारच्यानं विचारलं, "काय, बरं आहे ना?" की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एकोणिसाव्या वर्षी ते पाळकांच्या विद्यालयात मुलाखतीला गेले. वडिलांचा कोट घालून गेले होते आणि बाह्या दोनदा आत दुमडलेल्या होत्या. टेबलामागे तिघं बसले होते. एकानं विचारलं, "तुम्हाला सेवा का करायची आहे?" मामांचं उत्तर पाठ होतं. पण ते सुरू होत होतं "प्रभू"पासून, आणि "प"वरच सगळं ठप्प झालं. दोघांनी नजर कागदांत घातली. तिसरे पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर जिन्यापर्यंत घेऊन आले आणि म्हणाले, "बाळ, देव मुक्याचंही ऐकतो. देवळातली मंडळी ऐकत नाही. तिला घाई असते."

मामांना राग आला नाही, कारण ते खरं होतं. पण जिना उतरताना पायऱ्या नीट दिसेनात, एवढं त्यांना अजून आठवतं.

सहा महिन्यांनी त्यांच्या देवळातल्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी खटपट करून त्यांना सरकारी इस्पितळात चिकटवलं. "लिफ्टवर आहे जागा," पाळकसाहेब म्हणाले. "चांगलं काम आहे. तिथे फारसं बोलावं लागत नाही." त्यांनी प्रेमानंच सांगितलं होतं. पण शेवटचं वाक्य मामांना कुसळासारखं टोचलं आणि बरेच दिवस टोचत राहिलं.

ती लिफ्ट आताच्यासारखी बटणं दाबायची पेटी नव्हती. आत लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना घडीचं जाळीचं दार आणि कोपऱ्यात पितळी मूठ. मूठ डावीकडे ओढली की लिफ्ट वर, उजवीकडे ओढली की खाली, आणि मध्ये आणली की थांबे. नेमकी कुठे थांबवायची हे मात्र चालवणाऱ्याच्या हातात. जाळीतून मजले सरकताना दिसत. आधी सिमेंटची कड, मग लोकांचे पाय, मग पोटं, मग चेहरे. मामा म्हणतात, माणसाची ओळख पायांपासून करून घ्यायची सवय त्यांना तिथे लागली. घाईघाईत उलटसुलट घातलेल्या चपला दिसल्या की समजायचं, याला घरून कुणीतरी झोपेतून उठवून आणलंय.

पहिले दोन महिने ते घुम्यासारखे उभे राहिले. मूठ ओढायची, दार उघडायचं, दार लावायचं. आपण बाहुल्यांना उपदेश केला तोच आपला पहिला आणि शेवटचा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मग एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून एका बाईला स्ट्रेचरवरून खाली आणायचं होतं. पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके ताजे. मामांनी लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबवली ती दोन बोटं खाली थांबली. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकी. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं, पुढचं चाक कडेला आपटलं आणि त्या बाईच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. ओरडायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

"चालायचंच," वॉर्डबॉय म्हणाला. "सगळ्यांचं होतं."

ते मामांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टला फारशी मागणी नसते तेव्हा, त्यांनी एक रिकामं स्ट्रेचर आत घेतलं, त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि वरखाली फेऱ्या सुरू केल्या. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, स्ट्रेचर बाहेर ढकलायचं, पुन्हा आत घ्यायचं. पाणी सांडलं की पुसायचं आणि पुन्हा पेला भरायचा. वॉर्डबॉयना चेष्टेला विषय मिळाला. "काय मामा, आज पाण्याचं ऑपरेशन आहे का?" "पाण्याला कुठल्या वॉर्डात भरती केलंय?" मामा हसत. उत्तर द्यायला लागले असते तर सुट्टी तिथेच संपली असती.

हे महिनाभर चाललं. त्यांना कळलं की आत सहा माणसं असली तर मूठ लवकर सोडावी लागते, एकटं असलं तर उशिरा. थंडीच्या सकाळी यंत्र आळसावलेलं असतं, त्याला थोडं सांभाळून घ्यावं लागतं. महिन्याच्या शेवटी पाणी सांडायचं थांबलं. कुणी शाबासकी दिली नाही, कारण न बसलेला धक्का कुणाला कळणार? पण त्या दिवशी घरी जाताना आपल्याला काहीतरी काम मिळालंय असं मामांना पहिल्यांदा वाटलं.

मामी त्यांना लिफ्टमध्येच भेटली.

तिचे वडील दुसऱ्या मजल्यावर दोन महिने पडून होते. ती बालवाडीत शिकवायची आणि शाळा सुटली की डबा घेऊन यायची. लोकांची एक खोड असते. अडखळणाऱ्या माणसाचं वाक्य ते स्वतःच पुरं करून टाकतात. मामांनी "भे... भे..." एवढं म्हटलं की लोक म्हणत, "हो हो, भेटीची वेळ पाचपर्यंत, कळलं." दयेनंच म्हणत, पण आपल्या तोंडातला घास कुणीतरी काढून घेतल्यासारखं मामांना होई. पहिल्या दिवशी मामीलाही त्यांनी तेच सांगायला सुरुवात केली. ती डबा हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत स्वस्थ उभी राहिली. शब्द सापडायला बराच वेळ लागला. तिनं मदत केली नाही आणि नजरही वळवली नाही. वाक्य पुरं झाल्यावर म्हणाली, "बरं. पाचच्या आत निघेन." मामा दुसऱ्या मजल्यावर थांबायचं विसरले आणि तिला थेट तिसऱ्यावर घेऊन गेले.

वडील बरे होऊन घरी जायच्या आदल्या दिवशी मामांनी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिनं घडी उघडलीच नाही.

"काय आहे यात?"

मामांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

"तोंडानं सांगा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत जायला लिफ्टला चाळीस सेकंद लागत. त्या दिवशी दोन फेऱ्या लागल्या. वर कुणीतरी घंटी वाजवून वाजवून दमलं.

लग्नानंतर दोन खोल्यांचं घर झालं, मग एक मुलगी झाली. घरात दोघांच्या वाटचं मामी एकटीच बोले आणि मामा ऐकत. संध्याकाळी ती विचारी, "आज काय झालं?" आणि मग मात्र गप्प बसे. मामा सांगत. घरात ते कमी अडखळत, आणि अडखळले तरी कुणी घड्याळाकडे बघत नसे.

सांगण्यासारखं पुष्कळ असे. लिफ्टमध्ये माणसं ओळखदेख नसताना बोलतात. चाळीस सेकंदांत कुणाला घाबरायचं असतं, कुणाला कुणाला तरी शिव्या द्यायच्या असतात, कुणाला नुसतं "हो ना?" असं विचारायचं असतं. मामा उत्तर देणारे नव्हेत, हे चेहऱ्यावरून कळायचं, म्हणून लोक अधिकच बोलत. एकदा एक धिप्पाड माणूस तळमजल्यावरून निघाला तो रुबाबात, पहिल्या मजल्यावर गप्प झाला, आणि दुसरा मजला ओलांडल्यावर भिंतीला कपाळ टेकवून हुंदके द्यायला लागला. मामांनी आपला रुमाल पुढे केला. तो गृहस्थ रुमाल घेऊनच गेला.

असे बरेच रुमाल गेले. मामीच्या लक्षात आलं ते धुणं मोजताना. "अहो, तुमचे रुमाल खाता की काय?" तिनं विचारलं. मामांनी सांगितलं. त्याच आठवड्यात तिनं एक जुनी चादर फाडली आणि शिवणयंत्रावर बसून बारा रुमाल शिवले. पुढे ते नेमाचंच झालं. घरातली कुठली चादर विरली की मामी ती उजेडाला धरून बघे आणि म्हणे, "हिचे आठ होतील." दर सोमवारी मामांच्या खिशात चार स्वच्छ रुमाल असत. शनिवारपर्यंत बहुतेक सगळे कुणाच्या ना कुणाच्या घरी गेलेले असत.

वर माणसं सोडून रिकामी लिफ्ट खाली आणताना मामा प्रार्थना करत. नावं ठाऊक नसत. "हिरव्या साडीची बाई, दुसरा मजला. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले म्हातारे, तिसरा मजला. प्रभू, यांच्याकडे बघ." एवढंच. कुणी खाली उभं असलं तर त्याला जाळीतून मामांचे ओठ हलताना दिसत आणि वाटे, हा मजले मोजतोय.

आता ती गोष्ट सांगायला हवी. मामा स्वतः ती फारशी सांगत नाहीत, मामी सांगते.

एक रंगारी होता. घरांना रंग देणारा. त्याची बायको तिसऱ्या मजल्यावर तीन आठवडे होती आणि तो रोज काम संपवून येई. नखांत पिवळा नाहीतर पांढरा रंग असे. तो मामांना आज कुणाच्या घराला कोणता रंग दिला ते सांगे. बायको सुधारत होती. सोमवारी घरी सोडणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सोमवारी साडेअकरा वाजता ती अचानक गेली. बाराला मामांनीच तिला पांढऱ्या चादरीखाली तळमजल्यावर आणलं आणि मागच्या दारानं नेलं तेव्हा जाळी धरून उभे राहिले. निरोप द्यायला माणूस पाठवला होता, पण रंगारी घरी नव्हता. तो तिच्यासाठी नवीन चपला घ्यायला दुकानात गेला होता. सव्वाबाराला तो हसत लिफ्टमध्ये शिरला. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका हातात तिचा घरी जायचा पोशाख घडी करून, दुसऱ्या हातात चपलांचं खोकं.

"तिसरा," तो म्हणाला. "आज शेवटची फेरी, मामा."

मामांनी जाळी ओढली. मूठ फिरवली. सांगावं का? पण सांगणार कसं? ज्या माणसाला "तिसरा मजला" म्हणायला अर्धं मिनिट लागतं त्यानं हे कोणत्या अक्षरापासून सुरू करायचं? आणि तो सांगणारा कोण? ते सिस्टरनं सांगायचं, डॉक्टरांनी सांगायचं. रंगारी बोलतच होता. खोकं उघडून त्यानं चपला दाखवल्या. "पट्टा मऊ आहे. तिच्या पायाला सूज आहे ना अजून."

तिसरा मजला आला. मामांनी दार उघडलं. नेहमी ते तिथेच थांबत, कारण लिफ्ट सोडायची नाही हा पहिला नियम होता. पण समोर लांबलचक व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला रिकामी खाट. त्या खाटेपाशी हा माणूस खोकं घेऊन एकटा पोचेल, एवढंच मामांना दिसलं. त्यांनी जाळीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि रंगाऱ्याच्या बरोबर चालायला लागले.

"तुम्ही कुठे?" रंगाऱ्यानं विचारलं. मामा चालत राहिले. दहा पावलांवर रंगाऱ्यानं पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याची चाल मंदावली. मामांनी त्याच्या कोपराला धरलं, त्याला सिस्टरच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि शेजारी उभे राहिले. सिस्टरनं सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं. रंगाऱ्यानं मामांच्या शर्टाची बाही पकडली आणि मग ती सोडलीच नाही. मध्ये सिस्टरला दुसऱ्या रोग्याकडे धावावं लागलं. खोलीत दोघंच राहिले. मामा काही बोलले नाहीत. बोलता येत असतं तरी बोलले नसते, असं ते म्हणतात. बाही सुटायला चाळीस मिनिटं लागली, तेव्हा रंगाऱ्याचा भाऊ आला होता.

ती चाळीस मिनिटं लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुलूपबंद होती. मोठे सर्जन जिना चढून घामाघूम झाले आणि त्यांनी सरळ अधीक्षकांचं दार ठोठावलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मामांनी मनाला लावून घेतलं नसतं. पण त्याच वेळात खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींना दुसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. चार वॉर्डबॉयनी त्यांना जिन्यानं उचलून नेलं, आणि त्या प्रत्येक पायरीला कळवळत होत्या.

दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला गेला. मुख्य कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "मामा, लिहा की पोटात दुखत होतं. मी पुढे सरकवतो." मामांनी लिहिलं, "रोग्याच्या नातेवाइकाजवळ थांबलो होतो. लिफ्ट बंद होती. चूक माझी आहे." सेवापुस्तकात शेरा बसला. मुख्य लिफ्टमनची जागा रिकामी होणार होती, ती त्यांच्या हाताखालच्या माणसाला गेली.

त्या रात्री जेवताना मामी म्हणाली, "शेरा असू दे. तुम्ही योग्य केलंत."

"त्या आ... आजी," मामा म्हणाले.

मामीनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "मग त्यांना भेटा. इथे सूप गार करून काय होणार?"

मामा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आजींच्या खाटेपाशी गेले. आजी तिखट होत्या. मामा "मा... माफ" करत उभे असताना त्या एकटक बघत राहिल्या आणि शब्द पुरा झाल्यावर म्हणाल्या, "दुखलं हो फार. आई आठवली. ऐंशी वर्षांच्या बाईला आई आठवायला लावलीत तुम्ही." मामांनी मान खाली घातली. आजींनी विचारलं, "कुणासाठी थांबला होतात?" मामांनी सांगितलं. आजींनी खाटेशेजारच्या तांब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तो तांब्या भरून ठेवा. इथली मुलगी अर्धाच भरते."

माफ केलं असं त्या काही म्हणाल्या नाहीत. मामा सतरा दिवस रोज दुपारी जाऊन तांब्या भरत राहिले. रोज आजींची काहीतरी तक्रार असे. उशी कडक आहे, चहा पांचट आहे, शेजारीण घोरते. अठराव्या दिवशी आजींना घरी सोडलं. मामांनी त्यांना लिफ्टमधून खाली आणलं. तळमजल्यावर चाकांची खुर्ची बाहेर निघाली आणि आजी म्हणाल्या, "आलं का खाली? मला कळलंच नाही." मामांना मिळालेली एवढीच शाबासकी. घरी येऊन त्यांनी ती मामीला दोनदा सांगितली.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, परिचारिका झाली, दुसऱ्या शहरात लागली. मग एके वर्षी नव्या इमारतीचं काम निघालं आणि जुन्या लिफ्टच्या जागी बटणांची लिफ्ट बसवायचं ठरलं. तीन दिवस माणसं लोखंड कापत होती. पितळी मूठ भंगाराच्या ढिगात गेली. ती मागून घ्यावी असं मामांच्या मनात आलं होतं, पण कुणाला आणि कसं विचारायचं या विचारात ट्रक निघून गेला. मामी आजही म्हणते, "मी असते तर ट्रकसमोर उभी राहिले असते." आणि ती खरंच राहिली असती.

नव्या लिफ्टला चालवणारा नको होता. मामांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. नव्या अधीक्षकबाईंनी यादी बघितली आणि विचारलं, "इस्पितळाचा कानाकोपरा कुणाला माहीत आहे?" सगळ्यांनी मामांकडे बोट दाखवलं. मामांच्या अडखळण्याचं बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी मामांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं.

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर जे टाळलं ते म्हातारपणी बोकांडी बसलं. खिडकीपुढे रांग, प्रत्येकाला घाई. पहिल्या दिवशी एका बाईनं विचारलं, "डोळ्यांचा विभाग कुठे?" मामा "ड"वर अडले. बाईमागचा माणूस सुस्कारा सोडू लागला, त्याच्या मागचा ओरडू लागला. दुपारपर्यंत मामांचा शर्ट पाठीला चिकटला. संध्याकाळी त्यांनी घरी येऊन सांगितलं, उद्यापासून जात नाही.

मामी भांडी विसळत होती. "सांगता येत नाही ना?" ती म्हणाली. "मग सांगू नका. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी मामांनी एका पुठ्ठ्यावर लिहिलं, "बाहेर गेलो आहे. लगेच येतो." ज्यांना वाचता येत होतं, चालता येत होतं, त्यांच्यासाठी त्यांनी मोठ्या अक्षरांत विभागांची यादी आणि बाण काढून खिडकीशेजारी चिकटवले. रांग निम्म्यानं कमी झाली. जे तरीही खिडकीपाशी येत, ते घाबरलेले असत, म्हातारे असत, किंवा पहिल्यांदाच इस्पितळात आलेले असत. मामा उठत, पुठ्ठा लावत आणि त्यांच्याबरोबर चालत. रक्त तपासायला, क्ष-किरणांच्या खोलीत, कधी शवागाराच्या दारापर्यंत. तक्रारी आल्या की खिडकी रिकामी असते. अधीक्षकबाईंनी एक दिवस स्वतः मागून जाऊन पाहिलं आणि परत येऊन खिडकीवर आणखी एक माणूस दिला. "तो बोलेल," त्या म्हणाल्या, "तुम्ही चाला." चार वर्षांत मामांनी तीन जोडी बूट झिजवले. लिफ्टमध्ये त्यांना लोकांचे चाळीस सेकंद मिळत. आता दहादहा मिनिटं मिळू लागली. पहिल्या अक्षरावर गाडी अजूनही रुते, पण चालताना कुणी तोंडाकडे बघत नसतं, म्हणून जरा सोपं जाई.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी चार वाजता सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर लावायचं घड्याळ भेट द्यायला रंगीत कागदात बांधून तयार होतं. मुलगी मुद्दाम रजा घेऊन आली होती. मामी पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मेट्रनबाई, वॉर्डबॉय, झाडूवाल्या मावशी, सगळे जमले. उत्सवमूर्तीचा मात्र पत्ता नव्हता. सव्वाचार झाले. अधीक्षकबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मामीकडे.

"येतील," मामी म्हणाली. "कुणाला तरी पोचवायला गेले असतील."

मामा त्या वेळी त्वचेच्या विभागाच्या वाटेवर होते. चारला पाच कमी असताना एक बाई खिडकीशी आल्या होत्या, दोन्ही हातांना कापड गुंडाळलेलं, सोबत कुणी नाही. खिडकीवरच्या दुसऱ्या माणसानं वाट सांगितली होती, पण त्यांना ती उमगली नव्हती आणि पुन्हा विचारायची लाज वाटत होती. मामांनी त्यांची पिशवी घेतली. त्वचेचा विभाग आवारापलीकडे होता. बाईंचे पायही दुखत होते.

"जरा हळू चाला हो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुठे जायची घाई आहे का?"

मामांना सभागृहातल्या खुर्च्या आठवल्या, ठेवणीतली साडी आठवली. त्यांनी पाऊल आखूड केलं. "ना... नाही," ते म्हणाले.

बाई त्यांना मुलाची गोष्ट सांगू लागल्या. तो दूर असतो, पत्र लिहितो, पण हातांचं त्याला कळवलं नाही, उगाच काळजी करेल. मामा ऐकत होते. त्वचेच्या विभागात बाकं भरलेली होती. मामांनी त्यांचा कागद खिडकीत दिला, क्रमांक घेतला, एका तरुणाला खुणेनं थोडं सरकायला लावून बाईंना बसवलं आणि पिशवी त्यांच्या पायांशी ठेवली. मग पाणी आणून दिलं. हात गुंडाळलेले होते, म्हणून पेला त्यांच्या ओठांशी धरला.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना ते सभागृहात पोचले. अर्धे लोक चहा पिऊन गेले होते. अधीक्षकबाईंनी भाषण थोडक्यात आटोपलं. मामांनी उभं राहून सगळ्यांना हात जोडले आणि खाली बसले.

घड्याळ काखेत धरून तिघं घरी निघाले. मुलगी थोडी रुसली होती. मामी शेजारून चालत होती. फाटकाशी तिनं विचारलं, "कोण होत्या?"

मामांनी सांगायला सुरुवात केली.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत चालत राहिली.